घरातील फेरो मुंगी : ओळख व नियंत्रण

घरात मुंग्यांची रांग दिसताच कीटकनाशक फवारणे किंवा खडूची रेघ ओढणे ही आपल्याकडील सर्वसाधारण रीत आहे. फेरो मुंगीच्या बाबतीत मात्र हाच उपाय उपद्रव वाढवितो. त्यामुळे उपायापूर्वी ओळख पटविणे अगत्याचे ठरते.

मोनोमोरियम फॅरोनिस ही जाती लिनियसने १७५८ मध्ये वर्णिली. व्यापारी मालाबरोबर ती जगभर पसरली. थंड देशांत ती केवळ उबदार इमारतींच्या आश्रयाने तगून राहते. कामकरी मुंगी जेमतेम २ मिलिमीटर लांब, पिवळसर तपकिरी असून तिच्या पोटाचे टोक गडद असते. भिंगातून पाहिल्यास कंबरेवर दोन गाठी आणि शृंगिकेच्या टोकाशी तीन फुगीर खंड दिसतात. टॅपिनोमा मेलानोसेफॅलम या दुसऱ्या इवल्या मुंगीशी तिची गल्लत होते; परंतु त्या मुंगीचे डोके काळसर व पोट फिकट, म्हणजे रंगांचा क्रम नेमका उलटा असतो.

फेरो मुंगीच्या वसाहतीत अनेक राण्या असतात आणि मीलन वारुळातच घडते. फवारणीने मरतात त्या केवळ अन्नशोधार्थ बाहेर पडलेल्या कामकरी. भिंतीच्या भेगेत किंवा विजेच्या बटणांमागे दडलेली वसाहत विचलित झाली की काही मुंग्या अंडी-अळ्या उचलून अन्यत्र बिऱ्हाड थाटतात. यास मुकुलन म्हणतात. एका वसाहतीच्या अशा अनेक वसाहती होतात. रुग्णालयात ही बाब गंभीर ठरते, कारण ही मुंगी जखमेच्या पट्ट्यांपर्यंत पोहोचते आणि रोगजंतू वाहून नेऊ शकते.

यावर उपाय मंदगती आमिषाचा. १०० मिलिलिटर पाण्यात १० ग्रॅम साखर व १ ग्रॅम बोरिक अम्ल विरघळवून त्यात भिजविलेला कापूस मुंग्यांच्या वाटेवर ठेवावा. अम्लाचे प्रमाण वाढविण्याचा मोह टाळावा. तीव्र विष खाणारी मुंगी वाटेतच मरते, तर सौम्य विष मुखावाटे राण्या व अळ्यांपर्यंत पोहोचते. आमिषावर गर्दी उसळली तरी ती पुसू नये, त्या काळात फवारणीही करू नये. परिणामास काही आठवडे लागतात. आमिष मुले व पाळीव प्राणी यांच्यापासून दूर ठेवावे. सदनिकांच्या इमारतीत एकाच घरी केलेला प्रयोग बहुधा अपुरा पडतो. शेजारच्या व वरखालच्या घरांतही आमिष एकाच वेळी ठेवावे लागते.