साल लावताना

2015 साली आलेल्या ‘इन्द्रु नेट्रु नाळै’ या तमिळ विनोदपटात 2065 सालचं कालयंत्र दोन मित्रांच्या हाती लागतं आणि ते त्यावर हरवलेल्या वस्तू शोधून देण्याचा धंदा थाटतात. तारीख भरली की पोचले! तंजावरचे मोडी कागद वाचायला बसलं की नेमका हाच भाग घाम काढतो.

तिथल्या सरस्वती महाल ग्रंथालयात भोसले दरबारचे मोडी कागद आहेत. जाणकार मजकुराला लगेच हात घालत नाही, आधी साल लावतो. मोडीत अगोदर आडवी रेघ ओढून अक्षरं तिला लटकवत जातात. शब्द तोडायचा रिवाज नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. त्या सलग ओळीत ‘खमस अशर मयातैन व अलफ’ असं सापडलं की बोटं मोजायची: पाच, दहा, दोनशे, हजार. हे झालं या कागदांतल्या कालगणनेचं, म्हणजे सुहूर सनाचं, 1215 वं वर्ष. त्यात 599 मिळवले की इसवी सन 1814. पण हे वर्ष मृगाला सुरू होतं, म्हणून कागद माघ-फाल्गुनातला असेल तर 1815.

खरी गंमत पुढे आहे. वर्ष सूर्याचं, महिने मात्र रजब, सफर असे चंद्राचे. बारा चांद्रमास संपले तरी वर्षाचे दहा-अकरा दिवस उरतातच, त्यामुळे एकाच सालात तीच तारीख दोनदा येऊ शकते. असा चक्रमपणा पटकथाकारालाही सुचायचा नाही!

संवत्सरानेही चकवा बसतो, कारण वर्षांची ही नावं दर साठ वर्षांनी फिरून येतात. बृहदीश्वराच्या देवळातला भोसले वंशाचा मराठी शिलालेख 1803 चा, म्हणजे शके 1725, रुधिरोद्गारी संवत्सर. पण साठ वर्षं आधी, 1743 लाही रुधिरोद्गारीच होतं. तेव्हा गादीवर प्रतापसिंह, 1803 ला दुसरे सरफोजी. सिनेमात मित्रांच्या लुडबुडीने मरायचा गुंड वाचतो आणि पुढचं सगळं बिघडतं. इथे नुसत्या संवत्सरावर विसंबलं तर एका राजाचा कारभार दुसऱ्याच्या नावावर चढतो. मला ही जबाबदारी फार मोठी वाटते, कारण पुढचे अभ्यासक आपण लावलेल्या सालावरच भरवसा ठेवतात.

म्हणून तिथी आणि वार जंत्रीत ताडून बघायचे. वार जुळला नाही तर परत कागदाकडे, भिंग घेऊन: ते ‘सबा’ आहे की ‘सबैन’, सात की सत्तर? वार जुळला, की मग कोणी काय मागितलं आणि कोणाला काय मिळालं ते वाचायला घ्यायचं.