पूल जुना झाला, म्हणून पाडायचाच का?

पावसाळा आला की सांगलीच्या बातम्यांत एक वाक्य ठरलेलं असतं: ‘आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पाणीपातळी इतके फूट.’ ४० फुटांवर इशारा, ४५ फुटांवर धोका. हा पूल १९२९ सालचा. २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर त्यानं सोसले. उलट गोव्यात पणजीजवळचा मांडवीवरचा पूल १९८६ मध्ये कोसळला, तेव्हा तो वीस वर्षांचाही नव्हता. त्याला गंजानं पोखरलं होतं. म्हणजे नुसतं वय पाहून पुलाची तब्येत कळत नाही.

मग पूल खराब कशानं होतो? मुख्यतः पाण्यानं. सिमेंटच्या पुलात लोखंडी सळ्या असतात. बारीक भेगेतून पाणी, खारी हवा आत शिरली की सळई गंजते. गंज फुगतो आणि वरचं काँक्रीट फोडून काढतो. दगडी पुलाच्या सांध्यांतला चुना झिजतो, तिथं पिंपळ रुजतो, त्याची मुळं दगड सारतात. तिसरं दुखणं दिसत नाही. पुराचं पाणी खांबांच्या पायाजवळची माती ओढून नेतं. बेसुमार वाळूउपशानं ते आणखी वाढतं.

यातलं बरंच दुरुस्त होतं. सुटलेलं काँक्रीट काढून सळ्या साफ करतात, गंजरोधक लेप देऊन नवा गिलावा भरतात. भेगांत दाबानं इपॉक्सी भरतात. खांबावरचे बेअरिंग झिजले, तर जॅकनं पूल किंचित उचलून ते बदलतात. दगडी कमानीचे सांधे शक्यतो चुन्यानंच भरावेत, कारण कडक सिमेंट आतली ओल बाहेर पडू देत नाही.

पाडून नवा बांधायचा, तर ढीगभर सिमेंट, लोखंड, खडी लागते. जगातल्या कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनात सिमेंटचा वाटा सुमारे ७ ते ८ टक्के आहे. शिवाय काम संपेपर्यंत शाळेला, दवाखान्याला जायचा वळसा आपल्याच वाट्याला येतो.

पण प्रत्येक पूल वाचवता येत नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला. त्यासोबत दोन एसटी गाड्या गेल्या, माणसं गेली. पायाच खचला असेल, तर वाहतूक थांबवायलाच हवी. दुरुस्ती करायची की नवा बांधायचा, हे अभियंत्यांच्या तपासणीनंतरच ठरावं. कधी जुना पूल पायी चालणाऱ्यांसाठी ठेवून जड गाड्या दुसरीकडून नेता येतात.

आपण काय करू शकतो? पावसाळ्याआधी आणि पूर ओसरल्यावर पुलाकडे नीट पाहूया. पाणी जायची भोकं बुजलीत का? कठड्यात झाड उगवलंय का? सळ्या उघड्या पडल्यात का? गाडी जाताना पूल पूर्वीपेक्षा जास्त हादरतो का? फोटो काढा आणि ग्रामसभेत विषय मांडा. रस्ता जिल्हा परिषदेचा की सार्वजनिक बांधकाम विभागाचा, हे विचारून तिथं अर्ज द्या आणि पोच घ्या. शेवटचं स्ट्रक्चरल ऑडिट कधी झालं, त्यात काय निघालं, हे माहिती अधिकारात मागता येतं. बचत गटाच्या पुढच्या बैठकीत दहा मिनिटं या विषयाला द्या. भोकं मोकळी करायला, रोप उपटायला फारसा खर्च येत नाही, मात्र ते दरवर्षी व्हायला हवं.