आधी करंट बघा

पावसाळाभर पडवीत गोणपाटाखाली उभं राहिलेलं आऊटबोर्ड इंजिन नारळी पौर्णिमेच्या सुमाराला होडीच्या मागच्या फळीवर चढतं, आणि रस्सी ओढून खांदा निखळायची वेळ आली तरी हूं की चूं करत नाही. मालवणच्या किनाऱ्यावर मी हीच जुनी टू-स्ट्रोक मशीनं उघडत आलोय. अशा वेळी बहुतेकांचा पहिला हात कार्बोरेटरला जातो. त्याला राहू दे तिथेच. आधी करंट बघा.

बंद करायच्या बटणाला लाल क्लिप असेल तर ती जागेवर बसलीय का, हे पहिलं. हसू नका, मुरलेले तांडेलही यात फसतात. मग प्लग काढा. कोरडा असेल तर पेट्रोल पोचत नाही: टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा, रबरी फुगा घट्ट होईपर्यंत दाबा. ओला असेल तर पेट्रोल येतंय, पेटत नाहीये.

आता प्लग त्याच्या टोपीत खोचा आणि त्याचं लोखंड इंजिनच्या उघड्या धातूला घट्ट टेकवा. पण प्लगच्या भोकापासून लांब. भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर पडते, तिला ठिणगी लागली की भडकाच. उन्हात ठिणगी दिसत नाही, म्हणून सावली धरा आणि रस्सी जोरात ओढा. निळी ठिणगी आणि 'चट्' आवाज हवा. पिवळट, मरतुकडी असेल तर नवा प्लग घालून पुन्हा बघा. प्लग हवेत लोंबकळत ठेवून मात्र ओढू नका. करंटला वाट मिळाली नाही की सीडीआय, म्हणजे ठिणगीचा करंट सोडणारा इलेक्ट्रॉनिक डबा, जायची भीती, आणि सीडीआयची किंमत ऐकून घाम फुटतो.

ठिणगीच नाही? सीडीआयवाल्या मशीनमध्ये बंद बटणाची वायर सोडवून परत ओढा. ठिणगी आली तर बटण खाऱ्या हवेने आतून सडलंय, बाकी सगळं ठीक. मात्र वायर सुटी असेपर्यंत इंजिन बंद करायला चोक ओढावा लागेल.

या इंजिनांचा करंट बॅटरीतून येत नाही. फ्लायव्हीलमधली चुंबकं कॉइलजवळून फिरली की तो तयार होतो. फार जुन्या मशीनमध्ये सीडीआयऐवजी फ्लायव्हीलखाली पॉइंट असतात. त्यांच्यावर बुरशीसारखा थर चढतो. फ्लायव्हील काढायला पुलरच लावा, हातोडा नको. आतली अर्धचंद्राची चावी कातरली गेली असेल तर ठिणगी झकास दिसते, पण चुकीच्या वेळी पडते, आणि रस्सी हाताला उलटा हिसका देते. हा रोग ओळखायला लोक उगाच दिवस घालवतात.

सगळ्यात खट्याळ दुखणं तापलेल्या कॉइलचं. सकाळी एका ओढीत सुरू, तासाभराने खोल पाण्यात बंद, गार झालं की पुन्हा सुरू. दुकानात आणेपर्यंत मशीन गार होतं आणि मालक खोटा पडतो. बंद पडल्या पडल्या, कॉइल गरम असतानाच ठिणगी बघायची.

रॉकेलवर चालणाऱ्या मशीनची तक्रार वेगळीच. ती सुरू होते पेट्रोलवर आणि तापल्यावर रॉकेलवर जाते. किनाऱ्याला लागताना परत पेट्रोलवर घेतली नाही, तर रॉकेल आतच राहतं, आणि दुसऱ्या दिवशी करंट चोख असूनही गार मशीन पेटत नाही. तेव्हा कार्बोरेटरच्या तळाचा स्क्रू सोडून रॉकेल काढा, प्लग पुसा, पेट्रोल सोडा. कार्बोरेटरला हात लावायचा तो एवढाच.