आधी शून्य, मग कसरत: मॉडेल हेलिकॉप्टरची जुळवणी

रेडिओवर चालणारं मॉडेल हेलिकॉप्टर हवाई कसरतींसाठी कसं जुळवायचं, हा आजचा विषय आहे. विषय छंदाचा आहे, पण त्यात यंत्रशास्त्र भरपूर आहे आणि धोकाही आहे. दोन्हींबद्दल बोलू.

आधी एक प्रश्न. मॉडेल हेलिकॉप्टर हवेत उलटं होतं, स्किड आकाशाकडे आणि पंखा जमिनीकडे, आणि तसंच एका जागी थांबून राहतं. ते पडत का नाही? माणसं नेणारी काही हेलिकॉप्टरंही कोलांटी मारतात. जर्मन बनावटीचं बीओ-105 प्रदर्शनांमध्ये लूप मारतं. पण लूपमध्ये पंखा सगळा वेळ वर्तुळाच्या मध्याकडेच ओढत असतो, म्हणजे तो कायम एकाच दिशेने काम करतो. उलटं थांबायचं तर पंख्याने स्वतःच्या बुडाकडे जोर लावायला हवा. त्यासाठी पात्यांचा कोन शून्याच्या खाली, उणे बाजूला गेला पाहिजे, आणि तोही अधिक बाजूइतकाच. म्हणून कसरतीच्या मॉडेलची पाती समभाग असतात, वरचा आणि खालचा फुगवटा सारखाच. पंखा सरळ किंवा उलटा फिरवायचा प्रश्नच नाही. फिरण्याची दिशा तीच राहते, फक्त पात्यांचा कोन बदलतो.

या उड्डाणाला थ्रीडी म्हणतात. 1990 च्या दशकात अमेरिकेच्या कर्टिस यंगब्लड यांच्यासारख्या वैमानिकांनी ते लोकप्रिय केलं. आंतरराष्ट्रीय हवाई क्रीडा महासंघाच्या स्पर्धांमध्ये आज ठरलेल्या आकृत्यांसाठी एफ-3-सी आणि मुक्त कसरतींसाठी एफ-3-एन असे दोन वर्ग आहेत. आपण मात्र उदाहरणासाठी 600 आकाराचं विजेवरचं हेलिकॉप्टर घेऊ. 600 म्हणजे पात्याची लांबी मिलिमीटरमध्ये. डोक्यावर फ्लायबार नाही, त्याच्या जागी इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर आहे.

आता आजची मुख्य गोष्ट. ट्रान्समीटरची स्टिक बरोबर मध्यावर असताना पात्यांचा कोन बरोबर शून्य असला पाहिजे. बाकी सगळी जुळवणी या एका शून्यावर उभी आहे.

का, ते आकड्यांत बघू. समजा कोनाची मर्यादा दोन्ही बाजूंना 12 अंश आहे आणि हेलिकॉप्टर तरंगतं ठेवायला साधारण 5 अंश लागतात. मग सरळ तरंगताना स्टिक सुमारे 71 टक्क्यांवर असेल आणि उलटं तरंगताना 29 टक्क्यांवर. आरशातल्यासारखं. हाताला एकच सवय लावायची, फक्त दिशा बदलायची. आता धरा, शून्य 2 अंशांनी चुकलंय. मर्यादा वर 14 झाली, खाली 10. सरळ असताना हेलिकॉप्टर उसळी मारणार आणि उलटं झाल्यावर आळशी वाटणार. त्याहून वाईट म्हणजे पलटी घेताना पंखा मध्येच उभा होतो. त्या क्षणी आपण स्टिक मध्यावर आणतो, कारण तेव्हा जोर नको असतो. पण तिथे 2 अंश शिल्लक असतील तर पंखा हेलिकॉप्टरला आडवं ढकलतो. पाच पलट्या घेतल्या की यंत्र भलतीकडेच सरकलेलं असतं, आणि आपण आपल्या हाताला दोष देत बसतो.

इथे एक प्रश्न नेहमी येतो. आजकाल कंट्रोलरच सगळं सांभाळतो, मग एवढी काटेकोर जुळवणी कशाला? कंट्रोलरमधले जायरो फिरणं मोजतात. हेलिकॉप्टर पुढे कललं, बाजूला झुकलं, शेपूट वळलं, की त्यांना कळतं. पण दोन्ही पात्यांचा कोन सारखाच 2 अंशांनी जास्त असेल तर यंत्र कुठेच फिरत नाही, फक्त वर किंवा खाली सरकतं. जायरोला ते दिसतच नाही. म्हणून शून्याची चूक कंट्रोलर सुधारू शकत नाही. ती आपल्यालाच टेबलावर काढावी लागते.

तर टेबलावर जाऊ. सगळ्यात आधी मुख्य पाती आणि शेपटीची पाती काढून ठेवा. मोटरच्या तीन वायरींपैकी निदान दोन सोडवा, किंवा पिनियन मोठ्या गिअरपासून लांब सरकवा. जुळवणी करताना मोटर चुकून सुरू झाली तर बोटं जातात. ही पायरी कधीच वगळायची नाही.

पात्यांचा कोन बदलणारा भाग म्हणजे स्वॉशप्लेट. ही दुहेरी चकती आहे. खालची चकती फिरत नाही, तिला तीन सर्व्हो जोडलेले असतात. वरची चकती पंख्याबरोबर फिरते आणि लिंकांमधून पात्यांना वळवते. तिन्ही सर्व्हो एकदम वर गेले की दोन्ही पात्यांचा कोन सारखाच वाढतो, याला कलेक्टिव्ह म्हणतात. चकती एका बाजूला कलली की पात्याचा कोन प्रत्येक फेऱ्यात कमीजास्त होतो, तो सायक्लिक.

कंट्रोलर सेटिंगच्या स्थितीत ठेवा, म्हणजे जायरो मध्ये लुडबुड करणार नाहीत. स्टिक मध्यावर आणा. आता क्रमाने तीन गोष्टी. पहिली, प्रत्येक सर्व्होचा हात लिंकशी काटकोनात हवा. हात दातांवर एकेक घर फिरवून जवळात जवळची जागा शोधा, मग उरलेला थोडासा फरक सब-ट्रिमने काढा. सुरुवातच सब-ट्रिमने केली तर सर्व्हो एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी फिरतो. दुसरी, स्वॉशप्लेट मुख्य शाफ्टशी बरोबर काटकोनात हवी. त्यासाठी शाफ्टवर चढवायचं साधं साधन मिळतं. तिसरी, आता पाती बसवा आणि कोन शून्य आहे का बघा. नसेल तर स्वॉशप्लेटपासून पात्यांकडे जाणाऱ्या लिंकांची लांबी बदला, दोन्हींची सारखी.

डिजिटल पिच गेज स्वस्तात मिळतो, तो घ्याच. पण ताळा करायला एक जुनी युक्तीही आहे. दोन्ही पाती मागे शेपटीच्या दांड्यावर दुमडा. कोन खरंच शून्य असेल तर दोन्ही टोकं एकमेकांसमोर समान उंचीवर येतात. एक टोक वर आणि दुसरं खाली असेल तर गेज काहीही म्हणो, कुठेतरी चूक आहे.

शून्य मिळालं की मर्यादा ठरवा. शिकणाऱ्याला 10 ते 11 अंश पुरे, सराईत हाताला 12 ठीक. वर आणि खाली आकडा सारखाच हवा. मग सायक्लिक. पातं शेपटीच्या दांड्याला समांतर ठेवून बाजूला झुकायची स्टिक द्यायची आणि कोन मोजायचा. समांतर का? फिरणाऱ्या पंख्यावर जोर लावला की परिणाम पाव फेरा पुढे दिसतो, म्हणून बाजूला झुकण्यासाठी कोन पुढे-मागे बदलावा लागतो. काही कंट्रोलर इथे 6 अंश मागतात, काही 8. आपल्या पुस्तिकेतला आकडाच पाळा, कारण त्यावरून कंट्रोलर स्वतःचा हिशेब बांधतो. शेवटी कलेक्टिव्ह पूर्ण वर ठेवून सायक्लिक चारी कोपऱ्यांत फिरवा, मग तेच पूर्ण खाली ठेवून करा. कुठे लिंक अडकली, सर्व्हो कण्हला, तर मर्यादा कमी करा. हवेत अडकलेला सर्व्हो म्हणजे संपलेलं हेलिकॉप्टर.

आता मोटर. साध्या उड्डाणात स्टिक खाली आणली की मोटर मंदावते. कसरतीत तसं चालणार नाही, कारण उलटं असताना स्टिक खाली म्हणजेच पूर्ण जोर. म्हणून आयडल-अप नावाची वेगळी स्थिती ठेवतात. तिच्यात स्टिक कुठेही असो, पंख्याचा वेग कायम राहतो. गव्हर्नर असेल तर थ्रॉटलची रेषा सपाट ठेवायची, बाकी तो बघतो. गव्हर्नर नसेल तर इंग्रजी व्ही अक्षरासारखी रेषा देतात, मध्ये थोडी कमी आणि दोन्ही टोकांना पूर्ण. पण गव्हर्नरला हात मोकळा हवा. 12 सेलची बॅटरी म्हणजे 44.4 व्होल्ट, मोटर व्होल्टमागे 500 फेऱ्यांची, गिअरचं प्रमाण 10 ला 1. गुणाकार-भागाकार केला तर बिनभाराचा वेग मिनिटाला 2220 फेरे येतो. तुम्ही 2200 मागितले तर भाराखाली ते मिळणारच नाहीत. 85 टक्क्यांवर, म्हणजे 1900 च्या आसपास मागा. चढताना वापरायला शक्ती शिल्लक राहते.

शेपटीसाठी आणि कंट्रोलरसाठी एक तपासणी प्रत्येक वेळी करायची, नवीन काही बसवलं तर नक्कीच. मोटर बंद असताना हेलिकॉप्टर हाताने पुढे कलवा. स्वॉशप्लेट मागे कलली पाहिजे. नाक डावीकडे वळवा. शेपटीचा सर्व्हो उजवी स्टिक दिल्यासारखा हलला पाहिजे. उलटं घडत असेल तर जायरोची दिशा उलटी आहे. तसं उडवलं तर जमिनीवरून सुटायच्या आतच ते स्वतःला आपटून घेईल. जायरोचा गेन हवेत ठरवा. शेपूट भराभर थरथरेपर्यंत वाढवा, मग थोडा खाली आणा. पंख्याचा वेग वाढवला तर गेन पुन्हा कमी करावा लागतो.

धातूत धातू जाणाऱ्या प्रत्येक स्क्रूला निळं लॉकटाइट लावा, प्लास्टिकला नाही. पाती इतकीच घट्ट हवीत की हेलिकॉप्टर आडवं धरलं तर ती आपल्या वजनाने लोंबकळणार नाहीत.

आता मी धोक्याचं का बोलत होतो, त्याचा हिशेब. पातं 130 ग्रॅमचं धरा, त्याचा गुरुत्वमध्य शाफ्टपासून 40 सेंटिमीटरवर, वेग मिनिटाला 2000 फेरे. त्या पात्याला धरून ठेवणाऱ्या बोल्टवर सुमारे 230 किलो वजनाइतकी ओढ येते. पात्याचं टोक ताशी 500 किलोमीटरच्या वेगाने जात असतं. 2013 साली न्यूयॉर्कच्या एका बागेत 19 वर्षांचा एक तरुण स्वतःच्याच मॉडेल हेलिकॉप्टरचं पातं लागून गेला. तो नवखा नव्हता. म्हणून मोटर बंद ठेवणारा थ्रॉटल होल्डचा स्विच डोळे मिटूनही बोटाला सापडला पाहिजे. बॅटरी जोडण्याआधी होल्ड, आणि उतरल्यावर पाती थांबेपर्यंत होल्ड. पहिल्या उड्डाणाला अंतर मोठं ठेवा, मागे कुणी उभं नको. आपल्याकडे ड्रोन नियम 2021 मध्ये 25 किलोपर्यंतच्या मॉडेलला वेगळी व्याख्या आहे, आणि तिच्यातच ते नजरेच्या टप्प्यात उडवायची अट आहे. डिजिटल स्काय नकाशावर आपली जागा कोणत्या रंगात येते ते आधी बघा.

पहिलं उड्डाण फक्त तरंगण्याचं. दुसऱ्यात उंचीवर जाऊन एकच पलटी घ्या आणि मध्यावरच्या स्टिकवर यंत्र कुठे सरकतं ते बघा. सरकलं तर खाली उतरवा, पाती मागे दुमडा, टोकं जुळतात का बघा. सिम्युलेटरवर शंभर पलट्या करून बोटं तयार होतील, ते कराच. पण सिम्युलेटरमधल्या हेलिकॉप्टरचं शून्य कुणीतरी आधीच लावून दिलेलं असतं. आपल्या टेबलावरच्या यंत्राचं आपल्यालाच लावायचं आहे.