पोत्यामागचा हिशेब

दिवाळीच्या तोंडावर रिसोडच्या बाजार समितीत सोयाबीनची पोती उतरतात. व्यापारी मूठभर दाणे हातावर घेतो, ओलावा मोजतो, काडीकचरा पाहतो आणि भाव सांगतो. त्या पोत्यामागे किती पाणी, खत, डिझेल गेले आणि शेतातली किती माती वाहून गेली, याचे माप तिथे नसते. प्रदेशांची पर्यावरणीय कार्यक्षमता मोजणारे अर्थशास्त्र नेमके हेच विचारते.

या मोजणीची मूळ कल्पना फॅरेल यांनी १९५७ मध्ये मांडली. १९७८ मध्ये चार्न्स, कूपर आणि ऱ्होड्स यांनी तिला गणिती पद्धतीचे रूप दिले. इथे आदर्श बाहेरून आणायचा नसतो. कमीत कमी साधनांत काम साधणाऱ्या प्रदेशांना जोडून एक सीमारेषा आखायची आणि इतर तिच्यापासून किती दूर आहेत ते पाहायचे. पुढे धूर, सांडपाणी ही नकोशी उत्पादनेही हिशेबात आली.

वर्गात मी तीन कल्पित तालुके घेतो. तिघांचे उत्पादन सारखेच. पहिल्याला पाणी ८ एकक लागते, धूर ४ एकक होतो. दुसऱ्याला पाणी ४, पण धूर ८. तिसऱ्याचे दोन्ही १०. पहिले दोघे सीमारेषेवर आहेत. त्यांचा निम्मा-निम्मा मेळ घातला, तर तेच उत्पादन ६ पाणी आणि ६ धूर यांत होते. म्हणून तिसऱ्याला गुण ०.६; म्हणजे पाणी आणि धूर दोन्हींत त्याला ४० टक्के बचतीला वाव आहे.

हिशेब चोख आहे, पण दोन ठिकाणी मी अडतो. पहिले, धूर कोणाच्या खात्यावर मांडायचा? चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट. वीज राज्यभर जाते. तिच्यावर पुण्याच्या कारखान्यात तयार झालेला माल पुण्याच्या खात्यावर चढतो आणि राख चंद्रपूरच्या खात्यावर राहते. पुणे कार्यक्षम ठरते, ते काही अंशी या नोंदीमुळे.

दुसरे आमच्या घरचे. कोणत्या घटकाला किती वजन द्यायचे, हे ही पद्धत प्रत्येक प्रदेशाला अनुकूल असेल तसे ठरवते. त्यामुळे ज्याचा धूर सर्वांत कमी, तो उत्पादन तुटपुंजे असतानाही सीमारेषेवर बसू शकतो. वाशीम जिल्ह्यातली बरीचशी शेती कोरडवाहू, मोठे उद्योग नाहीत. मग धूर येणार कुठून? जिथे साधनेच पोचली नाहीत, तिथे उधळपट्टीही नसते.

वि. म. दांडेकर यांच्या सत्यशोधन समितीने १९८४ च्या अहवालात सिंचन, रस्ते, वीज यांची जिल्हावार तूट राज्याच्या सरासरीशी ताडून मोजली. ‘अनुशेष’ हा शब्द त्यातूनच घरोघरी पोचला. २०१८ मध्ये वाशीम नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आला. एकच जिल्हा एका मापाने मागास आणि दुसऱ्याने आदर्श ठरू शकतो, आणि दोन्ही मापे खरी असू शकतात.

म्हणून कार्यक्षमतेचा तक्ता अनुशेषाच्या तक्त्याशेजारी ठेवूनच वाचावा, असे माझे म्हणणे आहे. नाहीतर निधी वाटताना कोणी आमच्या कोरड्या विहिरीलाच पाणीबचतीचे प्रशस्तिपत्र देईल.