मेलेलं लाकूड बोलतं तेव्हा : ‘डेड कॅन डान्स’चा ‘वेक’



आजचा विषय कळल्यावर सकाळी फिरायला येणाऱ्या माझ्या एका मित्राने विचारलं, “कर्नलसाहेब, डार्कवेव्ह म्हणजे काय हो? मायक्रोवेव्हचा भाऊ का?” प्रश्न रास्त आहे. आपल्यापैकी बहुतेकांनी हा शब्द ऐकलेला नसतो. मीही निवृत्तीपर्यंत ऐकला नव्हता. तेव्हा सुरुवात तिथूनच करू.

1970 च्या दशकाच्या शेवटी इंग्लंडमध्ये पंक संगीताचा आरडाओरडा ओसरला. मागे राहिलेल्या पोरांनी गिटारचा वेग कमी केला, सूर उदास केले आणि जोडीला सिंथेसायझर घेतला. जॉय डिव्हिजन, सूझी अँड द बॅनशीज, बाउहाउस ही त्या वळणावरची नावं. त्यातून पुढे युरोपात जो काळोखा, संथ, मृत्यू आणि एकटेपणाकडे सरळ बघणारा प्रवाह तयार झाला, त्याला डार्कवेव्ह म्हणू लागले. या प्रवाहात नेहमी घेतलं जाणारं एक नाव म्हणजे ‘डेड कॅन डान्स’. आज आपण बोलणार आहोत त्यांच्या ‘वेक’ या 2003 सालच्या निवडक गाण्यांच्या अल्बमबद्दल. दोन सीडी, 26 रचना.

हा बँड म्हणजे मुळात दोन माणसं. लिसा जेरार्ड ही मेलबर्नची, आयरिश आईबापांची मुलगी. ती ग्रीक वस्तीत वाढली, त्यामुळे तिकडचं गाणं लहानपणीच कानावर पडलं. ब्रेंडन पेरी लंडनमध्ये जन्मला आणि न्यूझीलंडला जाऊन पंक बँडमध्ये वाजवू लागला. दोघांनी 1981 मध्ये मेलबर्नला सुरुवात केली आणि पुढच्याच वर्षी लंडन गाठलं. तिथे आइल ऑफ डॉग्स भागातल्या एका बहुमजली इमारतीत हातातोंडाची गाठ घालत राहिले. 1984 मध्ये ‘फोर एडी’ या कंपनीने त्यांचा पहिला अल्बम काढला.

नाव ऐकून वाटतं, भुताखेतांचा कारभार असेल. तसं नाही. त्या पहिल्या अल्बमच्या वेष्टनावर न्यू गिनीतला एक लाकडी मुखवटा आहे. बँडचं म्हणणं असं, की झाड मेलं, पण कारागिराच्या हातून त्याच्या लाकडात पुन्हा जीव आला. आपल्याला हे समजायला कठीण जाऊ नये. पंढरपूरकडचा वाळलेला भोपळा मिरजेच्या कारागिराकडे जातो आणि तानपुरा होतो. तबल्यावरचं कातडंही एकेकाळी कुणा बकऱ्याच्या अंगावर होतं. आपलं निम्मं संगीत अशा मेलेल्या वस्तूंवरच उभं आहे.

आता लिसाचा आवाज. तिची बरीच गाणी कुठल्याच भाषेत नाहीत. लहान वयापासून ती स्वतःच्याच अक्षरांत गाते. त्याला शब्दकोश नाही, व्याकरण नाही. तराण्यात ‘दिर दिर तानोम’चा अर्थ आपण विचारत नाही, तसंच हे. फरक एवढाच, की तराणा लयीशी खेळतो आणि लिसाचं गाणं प्रार्थनेसारखं उभं राहतं. ‘द होस्ट ऑफ सेराफिम’ ही तिची 1988 ची रचना ‘बराका’ या शब्दविरहित चित्रपटात वापरली आहे. आपल्या वाराणसीचे घाट ज्यात दिसतात, तोच हा चित्रपट. पुढे ‘ग्लॅडिएटर’मध्ये हान्स झिमरच्या जोडीने जो बाईचा आवाज जगभर पोहोचला, तोही लिसाचाच.

ही रचना मी पहिल्यांदा ऐकली ती निवृत्तीच्या वेळी, सामान बांधताना. मुलीच्या जुन्या सीडींच्या खोक्यात ‘वेक’ सापडला. दुसरा नंबर, तिसरा नंबर असं ऐकत खोकी भरत होतो. हे गाणं लागलं आणि मी हातातली सुतळी खाली ठेवली.

का, ते सांगतो. माझी पलटण पहाडी जवानांची. एका जवानाचं पार्थिव घेऊन मी पिथौरागढ जिल्ह्यातल्या त्याच्या गावी गेलो होतो. आई कुमाऊँनी बोलणारी, माझी हिंदी छावणीतली. वाटेत गाडीत मी चार वाक्यं जुळवली होती. तिच्यासमोर उभा राहिलो आणि त्यातलं एकही तोंडातून निघालं नाही. मग शोकशस्त्र झालं, बिगुलावर लास्ट पोस्ट वाजला, आणि त्या माउलीने पहिल्यांदा मान वर केली. बिगुलाला शब्द नसतात. जे मला सांगता आलं नाही ते त्याने सांगितलं, असं मला तेव्हा वाटलं. लिसाचं गाणं ऐकताना ती मान वर होताना पुन्हा दिसली.

त्याच आठवड्यात निरोपाच्या जेवणात माझ्या नोकरीचा आढावा वाचून दाखवला होता. कुठे बदली, कुठला कोर्स, कुठलं पदक. त्या वर्षाची एक ओळ होती. त्यात त्या गावाचं नाव नव्हतं, आणि असणारही नव्हतं. मग मनात आलं, तेवीस गाणी ठेवायची की तीन, हे ठरवतो कोण? आणि कशावरून?

निवडक अल्बमचा खरा प्रश्न हाच असतो. साधारणपणे कंपन्या खपलेली गाणी एकामागे एक लावून मोकळ्या होतात. ‘डेड कॅन डान्स’ची अशी निवड ‘वेक’पर्यंत तीनदा झाली. 1991 मध्ये अमेरिकेसाठी ‘अ पॅसेज इन टाइम’ आला, त्यात दोन नव्या रचना घातल्या होत्या. 2001 मध्ये तीन सीडी आणि एक डीव्हीडी असा जाडजूड संच आला. आणि मग ‘वेक’. याच्या सुरुवातीला यश नाही, तर ‘फ्रंटियर’ या जुन्या गाण्याचा कच्चा मसुदा आहे. मध्ये चौदाव्या शतकातलं ‘साल्तारेल्लो’ हे इटालियन नाच-संगीत भेटतं. ‘द लोटस ईटर्स’ ही बँड फुटला त्या काळातली रचनाही आहे. म्हणजे पहिली चाचपडही ठेवली आणि मोडलेला शेवटही ठेवला. प्रामाणिक आढावा यालाच म्हणायचं.

शेवटचं गाणं पेरीच्या आवाजातलं, नऊ मिनिटांहून मोठं, ‘हाउ फॉर्च्युनेट द मॅन विथ नन’. शब्द बर्टोल्ट ब्रेख्तचे, ‘मदर करेज’ नाटकातले. शहाणा सॉलोमन, शूर सीझर, सच्चा सॉक्रेटिस, दयाळू संत मार्टिन. ज्याचा जो सद्‌गुण, त्यानेच त्याचा घात केला, तेव्हा सद्‌गुण नसलेलाच सुखी, असा त्यातला कडवट हिशेब. याच गाण्याचं आधीचं रूप ब्रेख्तच्या ‘थ्रीपेनी ऑपेरा’त आहे, आणि ते नाटक पु. ल. देशपांड्यांनी ‘तीन पैशाचा तमाशा’ म्हणून मराठीत आणलं. ‘मदर करेज’ची नायिका सैन्यामागे गाडा ओढत धंदा करते आणि त्याच युद्धात आपली तिन्ही मुलं गमावते. शौर्याची किंमत कोण मोजतं, हे मी पिथौरागढला पाहिलं होतं. त्यामुळे ब्रेख्तचा हिशेब मला पूर्ण पटत नसला, तरी खोडूनही काढता येत नाही.

राहिलं नाव. ‘वेक’ला इंग्रजीत तीन अर्थ आहेत. मृताजवळ रात्र जागवणं. आयरिश घरांत ही जुनी चाल. झोपेतून जागं होणं. आणि जहाज गेल्यावर पाण्यात मागे राहणारी रेघ. 1998 मध्ये बँड फुटला होता, त्यामुळे 2003 मध्ये लोकांनी पहिला अर्थ घेतला. 2005 मध्ये दोघं पुन्हा एकत्र मंचावर आले, 2012 मध्ये ‘अ‍ॅनास्टॅसिस’ हा नवा अल्बम निघाला. त्या ग्रीक शब्दाचा अर्थच पुनरुत्थान. फौजेतही लास्ट पोस्टनंतर शांतता असते, आणि शांततेनंतर बिगुलावर राउझ वाजतो. राउझ म्हणजे ‘उठा’.

नवीन ऐकणाऱ्यांनी सगळ्या 26 रचना एका बैठकीत ऐकू नयेत, जड जाईल. आधी ‘साल्तारेल्लो’ ऐका, मग ‘द कार्निव्हल इज ओव्हर’, मग ‘द होस्ट ऑफ सेराफिम’. शेवटचा ब्रेख्त रात्रीसाठी ठेवा. आणि ऐकताना एक कागद जवळ घ्या. तुमच्या नोकरीच्या, संसाराच्या आढाव्यात जे कुणी वाचून दाखवणार नाही, त्यातलं एक नाव त्यावर लिहा. माझ्या कागदावर त्या गावाचं नाव आहे.

भेटू पुढच्या भागात. जय हिंद.