महारवाड्यातली खोली आणि कुलाब्याचा मनोरा

१८५४ च्या अखेरीस अमेरिकेहून आलेले दोन पाहुणे नगरच्या मिशनरींबरोबर बैठकांवर बैठका घेत होते. त्यांतले एक रुफस अँडरसन, अमेरिकन बोर्ड या मिशनसंस्थेचे कार्यवाह. बोर्डाचे पहिले मिशनरी मुंबईत १८१३ मध्ये उतरले, नगरचं ठाणं १८३१ मध्ये बसलं. इतक्या वर्षांत पैसा कुठे गेला आणि त्यातून मंडळ्या किती उभ्या राहिल्या, हे अँडरसन यांना पाहायचं होतं. त्यांचा निष्कर्ष कडक होता. शहरात पसारा वाढवू नका, इंग्रजी शाळांवरचा खर्च आवरा, खेड्यापाड्यांत लहान मंडळ्या उभ्या करा. तिथे इथलाच पाळक नेमा आणि त्याचा पगार हळूहळू मंडळीनेच उचलावा. त्याच सुमारास नगरला हरिपंत आणि रामकृष्णपंत मोडक या दोघांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. शाळा आवरण्यावरून मात्र अमेरिकेत एवढं वादळ उठलं, की १८५६ मध्ये आल्बनी शहरात बोर्डाला खास सभा बोलवावी लागली.

चर्चने पैसा इमारतीवर घालावा की माणसांपर्यंत पोहोचण्यावर, हा वाद आजही पंचकमिट्यांच्या सभांत रंगतो. छत गळतं, बाके मोडली, शेजारच्या मंडळीने नवं मंदिर बांधलं. आणि दुसरीकडे वाडीवस्तीवर जाणाऱ्या सुवार्तिकाचा पगार थकलेला. युरोप-अमेरिकेतल्या पुस्तकांत हा वाद दगड विरुद्ध माणूस असा मांडतात. नगर जिल्ह्याच्या इतिहासात तो तसा मांडता येत नाही, आणि याचं कारण जातीत आहे.

अँडरसन यांच्या भेटीनंतर नगरच्या आसपासच्या खेड्यांत ज्या मंडळ्या वाढल्या, त्यांतले बहुसंख्य लोक महार आणि मांग. गावच्या देवळाची पायरी त्यांना बंद. शाळा असलीच तर त्यांच्या मुलाला वर्गाबाहेर बसावं लागे. अशा वस्तीत मिशनने बांधलेली एक साधी खोली म्हणजे रविवारी उपासनेची जागा आणि इतर दिवशी शाळा. त्या खोलीत आत जायला कुणाची परवानगी लागत नव्हती आणि पाटी घेऊन पुढच्या रांगेत बसता येत होतं. ज्यांना कोणत्याच पवित्र जागेत पाऊल टाकता येत नव्हतं, त्यांच्यासाठी चार भिंती उभारणं हेच सुवार्तेचं काम होतं. या खर्चाला ‘इमारतखर्च’ या रकान्यात टाकून नाकं मुरडणाऱ्यांना तो काळच कळलेला नाही, असं मी म्हणेन.

अँडरसन यांचं खेड्यांबद्दलचं म्हणणं मला पटतं, शाळांबद्दलचं नाही. इंग्रजी शिकलेला मुलगा सरकारी नोकरीत निघून जातो, ही त्यांची तक्रार खरी होती. पण शाळेचं फळ मंडळीच्या पटावरच मोजायचं कशाला? नगरच्याच सिंथिया फॅरार बाईंच्या मुलींच्या शाळा जोतीराव फुल्यांनी पाहिल्या आणि १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली. कोणत्याही मंडळीच्या जमाखर्चात हे फळ दिसायचं नाही.

आता मुंबईकडे या. कुलाब्याचं सेंट जॉन चर्च, म्हणजे आपलं अफगाण चर्च, १८५८ मध्ये उपासनेसाठी खुलं झालं. आराखडा हेन्री कॉनीबिअर यांचा. पहिल्या अफगाण युद्धात मेलेल्या सैनिकांचं हे स्मारक, म्हणून भिंतींवर त्यांची नावं. मनोरा १८६५ मध्ये पुरा झाला. उंची १९८ फूट, समुद्रावरच्या गलबतांना दुरून दिसेल असा. बाकांना बंदुका टेकवायला खाचा आहेत. वास्तू देखणी आहे, यात शंका नाही. पण ती छावणीसाठी बांधली गेली, आसपासच्या कोळी-मराठी माणसासाठी नव्हे. छावणीचे गोरे शिपाई गेले आणि मंडळी आटली. आता या वास्तूची डागडुजी हा वारसा जतनाचा विषय झाला आहे.

म्हणून इमारत मोठी की लहान, यापेक्षा ती कुणाच्या गरजेतून उभी राहिली हे मी आधी पाहतो. पुणे जिल्ह्यातल्या केडगावला पंडिता रमाबाईंनी जमीन घेतली, विहिरी खणल्या. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून मुली आणल्या, १९०० मध्ये गुजरातेतूनही आणल्या. आधी माणसं आली, मग त्यांना बसायला छप्पर लागलं. रमाबाईंच्या मुक्ती मिशनचं प्रशस्त उपासनामंदिर त्या गरजेतून उभं राहिलं आणि तिथे शाळेचे वर्गही भरत. तिथल्याच मुली छापखान्यात खिळे जुळवायला शिकल्या. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून सोप्या मराठीत केलेलं बायबल त्यांच्याच हातून छापलं गेलं. इतका मोठा बांधकामखर्च मला तरी कधी उधळपट्टी वाटला नाही. त्यातलं दालन न् दालन कुणाच्या तरी पोटाशी किंवा पुस्तकाशी जोडलेलं होतं.

भिंतीशिवाय चालणारी रीत पुन्हा नगरच्याच भागाने दाखवली. कृष्णा रत्नाजी सांगळे यांनी तिथे १८६० च्या दशकात ख्रिस्ती कीर्तन रूढ केलं. त्याला मंदिर लागत नाही. झाडाचा पार किंवा कुणाचं अंगण पुरतं. वीणा, मृदंग, टाळ आणि आख्यान सांगणारा माणूस एवढ्यावर रात्र रंगते, आणि मंदिराच्या दारात कधी न फिरकणारा माणूसही ऐकायला थांबतो.

कवी नारायण वामन टिळकांनी ही परंपरा पुढे नेली आणि शेवटी आणखी एक पाऊल टाकलं. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले टिळक १९१७ मध्ये मिशनच्या पगारी चाकरीतून बाहेर पडले. ‘देवाचा दरबार’ हा भक्तमेळा काढला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे जागा होती. परदेशी पैसा आणि परदेशी नियंत्रण यांतून सुटलेली मराठी ख्रिस्तभक्ती त्यांना हवी होती. मे १९१९ मध्ये ते गेले आणि दरबारही विरला.

दरबाराला घर असतं, वर्गणी असती, हिशेबाची वही असती, तर तो टिकला असता का? मला वाटतं, काही वर्षं तरी नक्की टिकला असता. चळवळीला नुसती तळमळ पुरत नाही. पाऊस आला तर एकत्र बसायला जागा लागते, आणि पुढारी गेल्यावर किल्ली कुणाकडे द्यायची हे ठरलेलं असावं लागतं. टिळकांची गीतं मात्र राहिली. आज ती गायली जातात ती मराठी मंडळ्यांच्या उपासनांत, आणि त्यांतल्या कित्येक मंडळ्यांची मंदिरं ज्या मिशनांच्या पैशातून उभी राहिली, त्यांच्याच पगारापासून आणि नियंत्रणापासून टिळक अखेरीस दूर झाले होते.